वरळीचा कोळीवाडा : हिरकणीवाडीच्या वाटेवरून पाहता

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडनजीक वसलेल्या हिरकणीवाडीची ओळख आपल्या ज्ञातिबंधुभगिनींस करून देण्याचे कारण नाही. कोजागिरीच्या सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले असता तान्ह्या बाळाच्या ओढीने पश्चिमेचा कडा उतरून गेलेल्या गौळणीची कथा आपण सर्वांनी लहानपणीच ऐकली आहे. ती लोककथा आहे, आणि तिच्यापासून इतिहासाचा पुरावा मागू नये हे बरे. तथापि तिच्यात एक व्यवहार अगदी खरा आहे. राजधानी वर होती. तिचे दूध मात्र खालच्या वाडीतून बायकांच्या डोईवरून चढत असे. आज त्याच हिरकणीवाडीतून १९९६ सालापासून रज्जुमार्गाचे पाळणे वर जातात, आणि त्यांत बसणाऱ्यांस कड्याची उंची काय ती खिडकीतून दिसते.

मुंबईची गोष्ट याहून निराळी नाही. तिथे दुधाच्या चरवीऐवजी मासळीची पाटी होती, एवढाच भेद. महाड-पोलादपूरकडील आपली कित्येक घराणी गिरण्यांच्या पायी वरळी, लोअर परळ या भागांतील चाळींत येऊन राहिली. कोळणीची पाटी दारात उतरली नाही असा त्यांचा आठवडा क्वचितच गेला असेल. मात्र ती पाटी ज्या गावाहून येई त्या गावात किती जण गेले? म्हणूनच आम्ही समाजातील काही मंडळींनी एक रविवार वरळीच्या कोळीवाड्यात घालविला. तेथे पाहिले-ऐकले ते, आणि त्यामागचा इतिहास, येथे सादर करीत आहोत.

मुंबई ही मूळची सात बेटे, आणि वरळी त्यांतले एक. बेटांवरील अगदी जुन्या वस्त्यांत कोळ्यांची गणना होते. मुंबादेवी हे त्यांचेच दैवत आणि शहराचे नाव त्या देवीचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस सालिना दहा पौंड भाड्याने मिळाली. या देवघेवीत बेटांवरील कोळ्यांस कोणी विचारल्याची नोंद नाही. तशी अपेक्षाही त्या काळी कोणी केली नसेल.

येथे आपल्या मुलखाचा धागा जुळतो. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून समुद्रमार्गे चौलास उतरला आणि पुढे रायगडच्या पायथ्याशी पाचाडास येऊन राहिला. त्यानेच ६ जूनचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला. (या इंग्रजांना मांस पुरविणारा वृद्ध खाटीक, एवढे मांस खाणारे लोक आहेत तरी कसे, हे पाहण्यासाठी गड चढून आला होता, ही हकीकतही त्यांच्याच लेखनात आहे.) यानंतर लवकरच, १६७५ च्या सुमारास, इंग्रजांनी वरळीच्या टोकावर माहीमच्या आखातावर नजर ठेवणारा छोटा किल्ला बांधला, असे सामान्यतः मानले जाते. कित्येक लोक त्यास पोर्तुगीज म्हणतात; ते बरोबर दिसत नाही.

महाराजांच्या आरमाराची भिस्त तर कोळी-भंडारी आदी दर्यावर्दींवरच होती. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर मराठ्यांनी ठाणे घातले, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे वाट अडवून बसली असता उथळ बुडाच्या लहान होड्या थळच्या किनाऱ्याहून रात्री रसद पोहोचवीत राहिल्या. जंजिऱ्याच्या मोहिमेत पराक्रम करणाऱ्या लाय पाटलाची कथाही मोठी बोलकी आहे. महाराजांनी त्यास पालखीचा मान देऊ केला. दर्यावरच्या माणसास पालखी काय कामाची, म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली. तेव्हा एक गलबत बांधवून त्याचे नावच ‘पालखी’ ठेवून ते त्यास देण्यात आले, असे परंपरा सांगते.

वरळीचे बेटपण अठराव्या शतकात संपले. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरून मधला सखल प्रदेश बुडवीत असे. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकीर्दीत, १७८४ च्या सुमारास, बांध घालून ते खिंडार बुजविण्यात आले. पाणी हटले, जमीन वर आली. पुढे त्या भागात गिरण्या उभ्या राहिल्या आणि आपले पूर्वज तेथे कामाला आले. म्हणजे ज्या बांधाने आपल्याला मुंबईत पाय ठेवावयास जागा केली, त्याच बांधाने कोळ्यांचे बेट शहरास जोडले. आपण गाव सोडून शहराकडे आलो. कोळी जागचे हलले नाहीत, शहरच त्यांच्या गावाकडे चालत आले. आम्हांस हा फरक फार मोलाचा वाटतो.

कोळीवाड्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोघांनी समोरासमोर आल्यास एकाने अंग चोरावे. गोलफादेवीचे देवालय गावातच आहे. कार्यापूर्वी देवीस कौल लावण्याची येथे चाल आहे. किल्ला लहानसाच, आत विहीर, घंटेची कमान. तटावरून उत्तरेस २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो, आणि खाली काठ्यांवर व जाळ्यांवर मासळी वाळत असते. कोळणींपैकी अनेकींस आता माल घेण्यासाठी पहाटेच भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकवर जावे लागते, कारण जवळच्या पाण्यातील मासळी पूर्वीसारखी पुरत नाही.

तरीही जवळचे पाणी सुटलेले नाही. ओहोटीस उघड्या पडणाऱ्या खडकांवर बायका कालवे काढतात, चिंबोऱ्या धरतात. लहान होड्या खडकांमधल्या ठराविक वाटेनेच ये-जा करतात. नेमक्या याच वाटेवर सागरी किनारा मार्गाचे खांब आले. २०१८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा दोन खांबांमधील अंतर साठ मीटर ठरले होते. कोळ्यांचे म्हणणे असे, की वाऱ्यात आणि लाटेत होडी सरळ रेषेत चालत नाही. ती बाजूस सरकते, आणि एवढ्या फटीतून जाताना खांबावर आपटण्याचे भय असते. कागदावर साठ मीटर पुष्कळ वाटतात. सुकाणू धरणाऱ्यास ते तसे वाटत नाहीत, आणि या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण मानावा, असे आमचे मत आहे. प्रदीर्घ विरोधानंतर डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर एकशे वीस मीटर करण्याचे शासनाने जाहीर केले. कोळ्यांची मागणी त्याहून अधिक होती. मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी तो सागरी सेतूस जोडला गेला.

ज्या सभासदांस सहकुटुंब हे गाव पाहावयाचे असेल त्यांनी घड्याळापूर्वी पंचांग पाहावे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास, तर ओहोटी बाराच्या सुमारास. मात्र त्या दिवसांत भांगाचे पाणी, म्हणजे चढउतार थोडा. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आतबाहेर येते आणि सायंकाळी पाणी खूप मागे सरते. कालवे काढणाऱ्या बायका खडकांवर पाहावयाच्या असतील तर तीच वेळ साधावी. पावसाळा मात्र टाळावा. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण होईपर्यंत गाव जाळी विणीत बसलेले असते.