भाणकांची वाणी आणि ताडपत्र

लिखित तेच प्रमाण आणि मौखिक ते संशयास्पद, अशी आपली आधुनिक धारणा आहे. या दृष्टीने पाहिले की, बुद्धवचन ग्रंथारूढ होण्यापूर्वीची शतके केवळ प्रतीक्षेची वाटू लागतात. लेखनकला ठाऊक नव्हती म्हणून भिक्खू पाठांतर करीत, असेही म्हणता येत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने शिलालेख कोरविले. बैराटच्या लेखात त्याने काही धम्मपर्यायांची नावे दिली आणि भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत, असे सुचविले. वाचावेत, असे नव्हे.

मौखिक परंपरेला आपली दुर्बलता पुरेपूर ठाऊक होती. वर्षावासात भिक्खूने निवासस्थान सोडू नये, असा नियम आहे. परंतु एखाद्या उपासकास सुत्तन्त मुखोद्गत असेल आणि तो लुप्त होण्यापूर्वी येऊन शिकून घ्या, असा त्याचा निरोप आला, तर सात दिवसांसाठी जाण्यास महावग्गात अनुज्ञा आहे. एका गृहस्थाच्या कंठातील सुत्तासाठी विनयाने आपला नियम शिथिल केला! संघातही कार्यविभागणी होती. दीघभाणक, मज्झिमभाणक असे एकेका निकायाचे धारक होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभलेखात सोपाऱ्याचा धम्मुत्तरीय भाणक सातिमित दाता म्हणून येतो. ही संस्था आपल्या सह्याद्रीतही नांदत होती.

तथापि कंठातील ग्रंथ माणसापासून वेगळा करता येत नाही. हे किती बोचरे असू शकते, ते विनयाच्या अट्ठकथेतील एका प्रसंगावरून कळते. सिंहलद्वीपातील महाभयाच्या काळात महानिद्देस एकाच भिक्खूला पाठ राहिला होता, आणि तो दुःशील होता. महारक्खित थेरांना त्याच्याकडून शिकण्यास वडीलधाऱ्या थेरांनी सांगितले. पापी माणसाकडून मी घेणार नाही, असे ते म्हणाले. तेव्हा मी तुझ्याजवळ बसेन, असे आश्वासन थेरांना द्यावे लागले. अहोरात्र पाठ चालला. अखेरच्या दिवशी त्या भिक्खूच्या मंचकाखाली स्त्री आढळली. पुढे अनेक थेरांनी महानिद्देस शिकला तो महारक्खितांकडून. अट्ठकथाकाराने हा प्रसंग झाकून ठेवला नाही, याचे मोल मला अधिक वाटते.

इ.स.पू. पहिल्या शतकात, वट्टगामणी अभयाच्या राजवटीत, तिपिटक व अट्ठकथा लिहून काढण्यात आल्या. लोकांचा ऱ्हास पाहून भिक्खूंनी हे केले, असे वंसग्रंथ सांगतात. मातळेजवळील अलुविहार हे त्याचे स्थान परंपरा मानते. यापुढे ग्रंथ टिकण्यासाठी धारकाचे शील आड येणार नव्हते. पण त्याच कारणाने, ग्रंथ हाती आला म्हणजे गुरूच्या सान्निध्यात बसणे भागच होते, असेही उरले नाही. हा तोटा लेखनाच्या खात्यावर सहसा कोणी मांडत नाही.

तरीही वाणी मागे हटली नाही. पाचव्या शतकाच्या प्रारंभी फा-हियान विनयग्रंथांच्या शोधात भारतात आला. उत्तरेकडील देशांत विनय गुरुमुखातूनच चालत होता. उतरवून घेण्याजोगी प्रत मिळेना. ती त्याला पाटलिपुत्रात मिळाली. तेथे तो तीन वर्षे राहिला, संस्कृत शिकला आणि स्वहस्ते विनय लिहून घेऊन गेला.