‘आयन’ व ‘अक्रिय’ : दोन संज्ञांचा पूर्वेतिहास

सोनपेठ परिसरातील काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे आढळतात. त्यांतील कॅल्शियम धातुरूप नसून आयनरूप असतो. आपल्या २० इलेक्ट्रॉनांपैकी दोन गमावून तो १८ वर स्थिरावलेला असतो आणि ही मांडणी आर्गॉन वायूची होय. रसायनाचा विद्यार्थी हे सहज सांगतो. परंतु हे सांगताना तो ज्या दोन संज्ञा योजतो, त्या परस्परांचा परिचय नसताना जन्मास आल्या.

पहिली संज्ञा १८३४ सालची. द्रवातून वीज जात असता विद्युत् अग्रांकडे सरकणाऱ्या घटकांना मायकेल फॅरडे यांनी, विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने, ‘आयन’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारे’. मराठी ‘आयन’ हे इंग्रजी उच्चाराचे लिप्यंतर होय. उत्तरायणातील ‘अयन’ शब्दापासून ते सिद्ध झालेले नाही. तथापि ग्रीक धातू आणि संस्कृत ‘इ’ (जाणे) हे एकाच मूळचे असल्यामुळे दूरच्या नात्यातला पाहुणा घरी यावा, तसा हा शब्द आपल्याकडे आला आहे. इलेक्ट्रॉनाचा मात्र तेव्हा कोणालाच पत्ता नव्हता.

दुसरी संज्ञा रॅली व रॅम्से यांच्या १८९४ मधील शोधामागून आली. ‘आर्गॉन’ म्हणजे कार्य न करणारा. आपला ‘अक्रिय’ हा त्याचाच अवयवशः अनुवाद. कोसेल आणि लुइस यांनी १९१६ साली, स्वतंत्रपणे, या दोहोंची सांगड घातली : क्लोरीन एक इलेक्ट्रॉन घेऊन १७ चे १८ करतो, कॅल्शियम दोन देऊन १८ वर येतो.

येथून वर्गातील भाषा घसरते. ‘अणूला अक्रिय वायू व्हायचे असते’ असे आपण शिकवतो. कॅल्शियमच्या आयनात २० प्रोटॉन कायम असतात. तो आर्गॉन होत नाही. इलेक्ट्रॉन तो खुशीने देतो असेही नव्हे. त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते, आणि चुनखडीत ती भरून निघते ती कार्बोनेट आयनाशी असलेल्या आकर्षणातून. शिवाय त्याच मातीतील लोह २६ पैकी दोन वा तीन इलेक्ट्रॉन गमावून २४ वा २३ वर थांबते. १८ पर्यंत ते जातच नाही.

पुढे १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग सिद्ध केले, तेव्हा ‘अक्रिय’ हे नावही ढिले पडले. एर्डमान यांनी १८९८ मध्ये योजलेल्या जर्मन नावाचा अर्थ ‘उमदा वायू’ असा होता. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘राजवायू’ त्याच्याच जवळचा असून प्रस्तुत लेखकास तोच अधिक ग्राह्य वाटतो. राजा क्वचित का होईना, इतरांशी व्यवहार करतो.