संकलित आणि व्यवकलित : चित्रसंकलकाच्या कलेचा एक इतिहास

वृत्तपत्राचा किंवा ग्रंथाचा तो संपादक, आणि चित्रपटाचा किंवा दूरचित्रवाणीचा तो संकलक, असा भेद मराठीने केला आहे. इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द आहे. मराठीने केलेला हा भेद विचार करण्याजोगा आहे. आपल्या प्राचीन गणितग्रंथांत 'संकलित' म्हणजे बेरीज आणि 'व्यवकलित' म्हणजे वजाबाकी. ज्या उज्जयिनीच्या रेखेपासून भारतीय ज्योतिषी देशांतर मोजीत, त्या नगरीत राहून हे शब्द आम्हांस सहज आठवावेत यात नवल नाही. परंतु संकलकाच्या खोलीत जे घडते ते पाहिले, म्हणजे आपण त्याला अर्धेच नाव दिले असे वाटू लागते. तो जितके जोडतो त्याच्या कितीतरी पट टाकून देतो. प्रेक्षकास त्याची बेरीज दिसते, वजाबाकी कधीच दिसत नाही. या न दिसणाऱ्या कामाचा आणि ते करणाऱ्यांचा थोडा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ एका मराठी घरातच होतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्यामागील खटाटोपात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा किती मोठा होता हे आता सर्वश्रुत आहे. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडणे, ती धुणे आणि तिचे तुकडे जोडणे ही कामे त्यांनी शिकून घेतली, आणि कामावरच्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. दादासाहेबांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, ते योग्यच आहे. परंतु भारतीय चित्रसंकलनाची पहिली कारागीर कोण, असे आमच्या विद्यार्थ्यांनी विचारल्यास आम्ही निःशंकपणे सरस्वतीबाईंचेच नाव सांगू.

पुढे बोलपट आला आणि चित्राबरोबर आवाजाचीही सांगड घालावी लागली. चित्रणाच्या आरंभी पाटीची टाळी वाजवतात, ती याचसाठी. पाट्या मिटलेल्या दिसतात ते चित्र आणि टाळीचा आवाज हे दोन्ही समोरासमोर आणून ठेवले, की पुढचे सारे जुळते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे मावतात, आणि सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे मिनिटास ९० फूट आणि दोन तासांच्या चित्रपटास १०,८०० फूट फिल्म लागते. चित्रण याच्या अनेक पटींनी झालेले असते. त्या ढिगातून हवा तो तुकडा काढायचा, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायचा, आणि उरलेल्या तुकड्याची नोंद करून तो खुंटीवर टांगून ठेवायचा. उद्या तोच हवासा झाला तर सापडला पाहिजे. यंत्रापुढे बसणारा मुख्य संकलक एक, आणि खुंट्या व वह्या सांभाळणारे साहाय्यक अनेक, अशी ही गुरुगृहीची विद्या होती.

या विद्येच्या परंपरेचे एक ठळक उदाहरण म्हणजे वामन भोसले. गोव्यातील पोंबुर्फा येथे १९३२ साली त्यांचा जन्म झाला आणि १९५२ साली ते मुंबईस आले. बॉम्बे टॉकीजमध्ये दत्ताराम पै यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. 'अछूत कन्या' आणि 'किस्मत' या चित्रपटांचे संकलन याच पै यांचे. नंतर फिल्मिस्तानमध्ये भोसले दीर्घकाळ साहाय्यक होते. गुरुदत्त शिराळी या सहकाऱ्याबरोबर त्यांची जोडी जमली, आणि १९६९ च्या 'दो रास्ते'पासून ते स्वतंत्र संकलक म्हणून नावारूपास आले. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून या दिवसापर्यंत सतरा वर्षे लोटली होती. पुढे 'आँधी', 'मौसम', 'कर्ज' असे भिन्न प्रकृतीचे चित्रपट त्यांच्या हातून गेले, आणि १९७७ च्या 'इनकार'साठी त्यांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले. त्यांनी संकलित केलेली दृश्ये कोट्यवधी लोकांना पाठ आहेत. त्यांचे नाव ठाऊक असणारे आपल्या सभासदांत किती निघतील, हे आम्ही विचारीत नाही.

दूरचित्रवाणीने या कारागिरीची घडीच बदलली. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी तिचा प्रयोग सुरू झाला आणि आपल्या पु. ल. देशपांडे यांनी तिच्या बाल्यावस्थेत तेथे काम केले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभी बरेचसे कार्यक्रम थेट प्रसारित होत. अशा वेळी दोन-तीन कॅमेऱ्यांपैकी कोणाचे चित्र दाखवायचे याचा निर्णय बटणावर बोट ठेवून त्या क्षणीच घ्यावा लागे. ते एक प्रकारचे संकलनच होते, मात्र चूक पुसण्याची सोय त्यात नव्हती. बाहेरचे चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होई, आणि बातमीची फिल्म धुऊन येईपर्यंत प्रसारणाची वेळ दाराशी येऊन ठेपलेली असे. चित्रपटाच्या संकलकास महिने मिळत. वृत्तचित्राच्या संकलकास घटका मिळत.

त्यानंतर चुंबकीय फीत आली. अमेरिकेत अँपेक्स कंपनीने १९५६ साली ती प्रचारात आणली. फिल्मवरचे चित्र निदान डोळ्यांना दिसते, फितीवर काहीच दिसत नाही. म्हणून आरंभी लोखंडाची सूक्ष्म भुकटी मिसळलेला द्रव फितीला लावून रेघा दृश्य करीत, भिंगातून पाहत आणि मग पात्याने छेद घेत. पुढे कापणे संपले आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर क्रमाने नक्कल करण्याची रीत आली. यात एक मोठी अडचण होती. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात चौथ्या मिनिटाला एक दृश्य वाढवायचे ठरले, तर पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. नाहीतर नकलेची नक्कल करून चित्राची कळा घालवावी लागे. त्यामुळे त्या काळचा दूरचित्रवाणीचा संकलक आधी कागदावर सारे मांडी आणि मगच यंत्राला हात लावी. निर्णयापूर्वीची ही शिस्त आम्हांस फार मोलाची वाटते. १९८९ नंतर संगणकावरील संकलन आले आणि दृश्य हवे तेथून उचलून हवे तेथे ठेवता येऊ लागले. काम सुलभ झाले. परंतु चूक स्वस्त झाली, की विचारही स्वस्त होण्याचा धोका असतो.

शिक्षणाची रीतही याच काळात पालटली. पुण्यातील प्रभातच्या वास्तूत १९६० साली शासकीय चित्रपटसंस्था उभी राहिली आणि १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही तेथे आले. गुरुगृहीची विद्या पाठ्यक्रमात बसली. रेणू सलुजा याच संस्थेत घडल्या. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचे दिग्दर्शन यांतून १९८३ साली 'अर्धसत्य' निर्माण झाला, हे मराठी वाचक अभिमानाने सांगतो. त्या चित्रपटाचे संकलन सलुजा यांचे होते, हे मात्र क्वचित सांगितले जाते. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००० साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्या वारल्या. सरस्वतीबाईंच्या घरापासून सलुजांच्या यंत्रापर्यंतचा हा प्रवास स्त्रियांच्या कर्तृत्वाच्या इतिहासातही नोंदला जावयास हवा.

आता आमच्या गावची गोष्ट. क्षिप्रेच्या काठी बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. १९९२, २००४ आणि २०१६ ही तिन्ही पर्वे आम्ही पाहिली. रात्री घरी येऊन तोच दिवस पडद्यावर पाहिला, की प्रत्येक वेळी एकच अनुभव येई. नागा साधूंची मिरवणूक, भस्म, शंख, हत्ती हे सारे तेथे असे. परंतु रामघाटाच्या पायऱ्यांवर गाठोड्याला टेकून झोपलेली खेड्यातली म्हातारी, पहाटे घाट धुणारे सफाई कामगार, हरवलेल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा सांगणारा स्वयंसेवक, हे त्यात नसत. त्यांचे चित्रण झाले नसेल असे आम्हांस वाटत नाही. ते व्यवकलितात गेले असावे. यात संकलकाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. त्यास पाच मिनिटे दिली होती आणि त्याने पाच मिनिटेच भरली. प्रश्न इतिहासाचा आहे. शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक उज्जैनच्या सिंहस्थाविषयी लिहू लागेल, तेव्हा त्याच्यापुढे उरलेले तेवढेच येईल.

येथील सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत हजारो हस्तलिखिते जपलेली आहेत. पोथीचा संपादक एक पाठ स्वीकारतो, पण त्याज्य पाठही तळटीपेत देतो, आणि त्यामुळे पुढच्या पंडितास त्याचा निर्णय तपासता येतो. चित्रसंकलनात तळटीप नसते. फीत तर पुसून पुन्हा वापरता येते. बीबीसीसारख्या संस्थेनेही जागा व पैसा वाचवण्यासाठी आपले कित्येक कार्यक्रम पुसले आणि पुढे त्याबद्दल हळहळ केली. पोथी वाळवीने खाल्ली तर आपण शोक करतो. माणसाने स्वहस्ते पुसलेल्याचा शोकही होत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतील वयोवृद्ध मराठी संकलकांच्या व त्यांच्या साहाय्यकांच्या आठवणी, त्यांच्या नोंदवह्यांसह, अकादमीने आता लिहवून घ्याव्यात. ही माणसे भाषण करणारी नव्हेत. विचारल्याखेरीज ती बोलणार नाहीत. आणि येत्या २०२८ च्या सिंहस्थात आमच्या शाळेची मुले आपापल्या भ्रमणध्वनींवर चित्रे घेऊन ती जोडतील, तेव्हा त्यांनी काय टाकले आणि का टाकले याची यादी वहीत लिहून ठेवावी, असा नियम आम्ही करणार आहोत. बेरीज मुलांना कोणीही शिकवील. वजाबाकीचा हिशेब द्यावयास मात्र शिक्षकानेच शिकवले पाहिजे.