महादेवाच्या वाटेवरील चित्रगुहा

तीर्थयात्रा आणि प्राचीन अवशेषांचे दर्शन या दोन गोष्टी आपल्या मनात सहसा निरनिराळ्या कप्प्यांत असतात. पहिलीसाठी आपण संकल्प सोडतो, व्रत पाळतो, पायांत वहाण घालत नाही. दुसरीसाठी शिदोरी बांधतो आणि सहलीला निघतो. परंतु भरतखंडात अशी काही स्थळे आहेत, की जेथे हा भेद टिकत नाही. सातपुड्यातील पचमढी हे त्यांपैकी एक होय. तेथे जाण्याचा बेत आखणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. आणि तो रामाकोन्यातून लिहिला जावा हेही योग्यच आहे, कारण आमच्या भागातून ती वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

गोमंतक-कोकणातील वाचकांस रामाकोना कदाचित ठाऊक नसेल. कन्हान नदीकाठचे, नागपूर-छिंदवाडा मार्गावरील हे एक लहानसे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके त्या जिल्ह्यात होते. २०२३ साली त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याची सीमा अशी मध्ये आली, तरी येथील मराठी बोली, संत्र्यांचे बगीचे आणि देवधर्म यांचे विदर्भाशी असलेले नाते काही तुटले नाही. जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनास जसे नागपूरकर येतात, तसेच पचमढीच्या महादेवास जाताना वऱ्हाडातील आणि सौंसरकडील माणसे एकाच वाटेला लागतात.

ही यात्रा वर्षातून दोनदा भरते. महाशिवरात्रीस भाविक नवसाचा त्रिशूल खांद्यावर घेऊन चौरागडाच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढतात. नागपंचमीस, ऐन पावसाळ्यात, नागद्वाराची यात्रा असते. तिची वाट व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून, निसरड्या कड्यांवरून जाते. बडा महादेव, गुप्त महादेव, जटाशंकर ही सारी देवस्थाने मूळची गुहाच आहेत. तेथे पाषाणातून पाणी झिरपते. जटाशंकराच्या गुहेत त्या पाण्याने घडविलेली स्वयंभू लिंगे आहेत आणि जंबुद्वीप नावाचा ओढा तेथूनच उगम पावतो.

परंतु याच डोंगरांत आणखी कितीतरी गुहा आहेत, आणि त्यांत देव नाही. त्या माणसाच्या वस्तीच्या जागा आहेत. पचमढीचा वालुकाश्म मऊ; ऊन-पावसाने त्याचे कडे आतून कोरले जातात आणि छपरासारखी ओसरी तयार होते. त्यालाच शैलाश्रय म्हणतात. अशा ओसरीत मानवाने हजारो वर्षे आसरा घेतला, विस्तव पेटविला, मृतांना पुरले आणि भिंतींवर चित्रे काढली. १९३०च्या दशकात हंटर या संशोधकाने ‘डोरोथी डीप’ या शैलाश्रयात उत्खनन केले, तेव्हा गारगोटीची बारीक हत्यारे आणि मानवी अस्थी मिळाल्या. गॉर्डन या दुसऱ्या अभ्यासकाने याच काळात तेथील चित्रांचे कालक्रमानुसार वर्गीकरण करण्याचा प्रयत्न केला.

ही चित्रे बव्हंशी पांढऱ्या आणि तांबड्या रंगांत आहेत. कोठे मध गोळा करणारी माणसे, कोठे धनुर्धरांची लढाई, कोठे गुरे, हत्ती, वाघ. जटाशंकराजवळच्या एका गुहेत बसून तंतुवाद्य वाजविणारा पुरुष रेखाटला आहे. त्यावरूनच इंग्रजांनी तिला ‘हार्पर्स केव्ह’ हे नाव दिले. सगळीच चित्रे अश्मयुगीन नव्हेत. घोडेस्वार आणि ढालतलवारी दाखविणारी कित्येक चित्रे ऐतिहासिक काळातील आहेत. म्हणजे या भिंती शतकानुशतके लिहिल्या जात असलेली एक वहीच आहे. या डोंगरांचे जुने रहिवासी कोरकू आपल्या मृतांच्या स्मरणार्थ लाकडी फळ्यांवर घोडेस्वार कोरतात. गुहेतील घोडेस्वार पाहताना त्या फळ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. ज्यांस आपण ‘आदिमानवाची चित्रे’ म्हणून काळाच्या पलीकडे ढकलून देतो, ती आजही नांदत असलेल्या लोकांच्या घरची असू शकतील, हा विचार यात्रिकाने मनाशी बाळगण्याजोगा आहे.

पचमढी हे नावच मुळी पाच मढ्यांवरून पडले, असे सांगतात. एका टेकडीत कोरलेल्या पाच खोल्यांना लोक पांडवांचे निवासस्थान मानतात. अभ्यासक त्या बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात असे म्हणतात. आमच्या गोमंतकीय वाचकांस येथे साखळीजवळील हरवळ्याची आठवण होईल. श्रीरुद्रेश्वराशेजारच्या त्या लेण्यांसही पांडवांचेच नाव आहे. भीमबेटकाही तसेच, भीमाची बैठक. त्या स्थळाचे महत्त्व १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी घराण्यातील विद्वानाने जगापुढे आणले आणि २००३ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. कर्ता ठाऊक नसला, की आपला समाज ती वास्तू पांडवांच्या नावे करतो. पंडितांनी याला हसू नये. नाव दिले म्हणजे नाते जोडले, आणि नाते असले म्हणजे वस्तू जपली जाते.

आमचा मुख्य मुद्दा येथेच आहे. ज्या गुहेत लिंग आहे तिची भिंत सुरक्षित आहे. जिच्यात केवळ चित्र आहे तिला वाली नाही. बड्या महादेवाच्या डोंगराच्या पूर्व अंगासही असा एक चित्रांकित शैलाश्रय आहे. दर्शनाची रांग एकीकडे आणि तो दुसरीकडे. गाभाऱ्यात शब्दही हळू उच्चारणारा मनुष्य अशा ओसरीत तीन दगडांची चूल मांडतो, धुराने छत काळे करतो, कोळशाने आपले व गावाचे नाव लिहितो. कोणी चित्र उजळ दिसावे म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि चित्रावर पांढुरका पापुद्रा धरतो. यात दुष्टावा नसतो. असते ते अज्ञान. परंतु अज्ञानाने पुसलेले चित्रही पुन्हा उमटत नाही.

कायदा येथे काय करू शकतो? अमेरिकेतील मेसा व्हर्डे या स्थळाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी बाराव्या-तेराव्या शतकांत कड्यांच्या कपारींत दगडी घरे बांधली होती. १८९१ साली नॉर्डेनशिओल्ड नावाच्या तरुण स्वीडिश संशोधकाने तेथील वस्तू खोदून परदेशी पाठविण्याची तयारी केली, तेव्हा लोकांनी त्यास अटक करविली. पण त्याला अडविणारा कायदाच नसल्याने तो सुटला आणि वस्तू युरोपात गेल्या. १९०६ साली तेथे पुरावस्तूंचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ते स्थळ राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. नेलेल्या अस्थी आणि त्यांसोबत पुरलेल्या वस्तू फिनलंडच्या संग्रहालयातून परत यावयास मात्र २०२० साल उजाडावे लागले. आज तेथील मोठ्या वसतिस्थानात तिकीट काढून, उद्यानाच्या मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो.

आपल्याकडे कायद्यांचा तुटवडा नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास १९५८च्या कायद्यान्वये, २०१०च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली झाले. त्यात प्रवेश १९७२च्या वन्यजीव कायद्याखालील परवानगीनेच मिळतो. शिवाय प्राचीन वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ५१-अ अनुच्छेदात लिहिले आहे. परंतु डोंगरातील प्रत्येक ओसरीपाशी पहारेकरी उभा करता येत नाही. देवळात तरी कोठे असतो? तेथे आपण कायद्याच्या भयाने नव्हे, तर सोवळ्याच्या संस्काराने वागतो. तोच संस्कार चार पावले पुढे नेला, की काम झाले. नागद्वाराची वाट जंगलाच्या गाभ्यातून असूनही यात्रेपुरती उघडली जाते. श्रद्धेचा राखलेला हा मान आहे, आणि मान घेणाऱ्यावर जबाबदारीही येते.

तेव्हा बेत आखताना पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्या. केवळ गुहा पाहावयाच्या असतील, तर कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. यात्रेच्या गर्दीत चित्रे पाहणे होत नाही, आणि पावसाळ्यात उद्यानाचा गाभा पर्यटनास बंद असतो. रामाकोन्याहून छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा रस्ता आहे. दुरून रेल्वेने येणाऱ्यांनी इटारसी-जबलपूर मार्गावरील पिपरिया स्थानकावर उतरावे. १८६२ साली कॅप्टन फॉर्सिथने बांधलेल्या बायसन लॉजमध्ये वनखात्याचे संग्रहालय आहे. ते प्रथम पाहावे, म्हणजे पुढचे समजू लागते, आणि उद्यानात शिरण्याच्या परवान्याची चौकशीही तेथेच होते. अधिकृत वाटाड्या अवश्य घ्यावा, आणि तो स्थानिक असेल तर त्याच्याकडून डोंगरांची नावे ऐकावी. पुस्तकांत नसलेले पुष्कळ त्याच्या बोलण्यात असते. लहान मुलांस बरोबर न्यावे. कारण त्यांचे डोळे ती चित्रे आपल्याआधी शोधतात.

गुहेत शिरल्यावर भिंतीस हात लावू नये, पाणी शिंपडू नये, शेंदूर वा हळद वाहू नये, चूल मांडू नये. अंधाराला डोळे सरावेपर्यंत स्वस्थ उभे राहावे. प्रथम नुसता दगड दिसेल, मग एखादी रेघ, मग त्या रेघेतून एक धावता मनुष्य. तो कोणाची पूजा करी हे आपणास ठाऊक नाही. पण आपल्याप्रमाणेच याच डोंगराच्या आश्रयाला तो आला होता. त्याच्या ओसरीतून निघताना महादेवास जसा नमस्कार करतो, तसा एक त्यासही करावा. मग भिंतीवर आपले नाव लिहिण्याची इच्छाच होणार नाही.