आकाशातून टिपलेले रान



भाषेच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय वनांच्या जुन्या हवाई छायाचित्रांचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा आणि संशोधनाचा विषय हस्तलिखित पोथ्या. परंतु ज्याने आयुष्यभर जुने कागद उलगडले, त्याला कोणतेही दप्तर परके वाटत नाही. काही वर्षांपूर्वी ऑरेगन राज्यात मुलीकडे राहण्याचा योग आला. तेथील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात लाखो हवाई छायाचित्रे जतन केलेली आहेत. मी गेलो होतो वेळ घालवायला. पुढचे दोन महिने आठवड्यातून तीन दिवस तिथे जात राहिलो.

प्रथम हे ‘राष्ट्रीय वन’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन यांत अमेरिकेत मूलभूत भेद आहे. उद्यान राखायचे असते, वन वापरायचे असते: लाकूड, चराई, पाणी, खनिज यांसाठी, मात्र जपून. १८९१ च्या कायद्याने तेथील राष्ट्राध्यक्षांना सरकारी जंगले राखीव करण्याचा अधिकार मिळाला. १९०५ साली ही राखीव जंगले शेतकी खात्याकडे आली, वनसेवेची स्थापना झाली आणि तिचे पहिले प्रमुख झाले गिफर्ड पिंशो. १९०७ पासून या जंगलांना ‘राष्ट्रीय वने’ म्हणू लागले. आज त्यांची संख्या १५४ असून वनसेवेच्या ताब्यातील एकूण क्षेत्र सुमारे ७ कोटी ८० लाख हेक्टर आहे.

या पिंशोंचा धागा आपल्यापर्यंत येतो. १८८९ मध्ये ते वनविद्या शिकायला युरोपात गेले, तेव्हा त्यांना वाट दाखवली डीट्रिख ब्रँडिस यांनी. ब्रँडिस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ; १८५६ पासून ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानी जंगलांचे व्यवस्थापक आणि १८६४ पासून हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. म्हणजे सरकारने रान ताब्यात घ्यावे, त्याची मोजदाद करावी, आणि रहिवाशांची कुऱ्हाड व आग दोन्ही आवरावी, हा जो विचार अमेरिकेत रुजला त्याची एक मुळी आपल्याकडील अनुभवात होती. आपल्या बेळगाव-कारवारच्या रानात कुमरी शेतीवर एकोणिसाव्या शतकात जी बंधने आली, ती याच विचाराची. पुढील हकीकत ऐकताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

वनसेवा पाच वर्षांची असतानाच तिच्यावर मोठे संकट कोसळले. १९१० च्या ऑगस्टची २० आणि २१ तारीख. आयडाहो आणि माँटाना या राज्यांत वादळी वाऱ्याने वणवे एकत्र आले आणि सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. आग विझवणारी किमान ७८ माणसे मेली. त्या दोन दिवसांनी वनसेवेच्या मनावर कायमची डागणी उठली. आग म्हणजे शत्रू, ती दिसताक्षणी मारली पाहिजे. १९३५ साली तर नियमच झाला की, लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे.

विमान जंगलावर आले तेही प्रथम आगीच्या पहाऱ्यासाठी. पहिले महायुद्ध संपल्यावर रिकामे झालेले लष्करी वैमानिक १९१९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या वनांवर गस्त घालू लागले. छायाचित्रणाला खरा जोर आला तो १९३० नंतरच्या दशकात. शेतकऱ्यांना अनुदान देण्यासाठी पेरलेल्या जमिनीचे मोजमाप हवे होते, धुपलेल्या जमिनीचा हिशेब हवा होता, आणि वनसेवेला हवा होता उभ्या लाकडाचा. शेतकी खात्याच्या या निरनिराळ्या शाखांनी देशाचा फार मोठा भाग आकाशातून टिपून घेतला.

पद्धत साधी पण शिस्तीची होती. विमान सरळ रेषेत उडवायचे, कॅमेरा पोटातून थेट खाली रोखलेला. प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा सुमारे ६० टक्के भाग पुन्हा यायला हवा. शेजारच्या पट्ट्याशीही सुमारे ३० टक्के भाग सामाईक. शेतकरी नांगराचे तास घालतो तसे हे तास, फक्त एकमेकांवर चढलेले. ही पुनरुक्ती वाया जात नाही. एकच झाड दोन ठिकाणांहून टिपले गेले की, आपले दोन डोळे जे करतात ते काम ही दोन चित्रे करतात.

ते कसे, हे मी त्या ग्रंथालयात पाहिले. टेबलावर दोन करडी चित्रे शेजारी ठेवलेली. त्यांत पाहण्यासारखे काही नाही. खरबरीत कांबळ्याचा तुकडा वाटावा. त्यावर स्टिरिओस्कोप नावाचे दोन भिंगांचे चिमुकले यंत्र ठेवतात. मी वाकून पाहिले. क्षणभर सारे धूसर झाले, आणि मग कागदातून डोंगर वर आला. दरी खोल गेली, कड्यावरचा एकेक देवदार टाचणीसारखा उभा राहिला. काठावरच्या म्हाताऱ्या झाडाचा शेंडा मोडलेला होता, तोही दिसला. ते झाड १९३९ साली उभे होते. त्या जागी आज काय आहे ते मला ठाऊक नाही. ज्याने हे छायाचित्र घेतले त्यानेही ते झाड पाहिले नसणार. तो घड्याळ आणि होकायंत्र पाहत होता. जाणकार माणूस याच यंत्राखाली झाडाची उंची मोजतो, शेंड्याचा घेर पाहून जात ओळखतो, आणि जमिनीवर पाऊल न टाकता डोंगरावर लाकूड किती ते सांगतो.

इथे माझ्यातला पोथीवाला जागा झाला. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: लेखनाचा शक, तिथी, स्थळ, लेखकाचे नाव. या प्रत्येक चित्राच्या कडेलाही अशी पुष्पिका आहे. तारीख, प्रकल्पाची अक्षरे, फिल्मच्या गुंडाळीचा क्रमांक, प्रतिमेचा क्रमांक. ती फाटली तर चित्र अनाथ होते, कारण एका रानाचा चौरस दुसऱ्या रानाच्या चौरसासारखाच दिसतो. आणि पोथीतल्या पाठासारखीच इथेही चिकित्सा लागते. डोंगराचा माथा कॅमेऱ्याला जवळ, दरी लांब. म्हणून एकाच चित्रात माथ्याचे प्रमाण मोठे आणि दरीचे लहान पडते. कडेची झाडे बाहेरच्या बाजूला कललेली दिसतात, ती तशी नसतात. उत्तर उतारांवर सावली दाटते आणि सावलीत वाटेल ते लपते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाट शेंड्यांखाली काय आहे, यावर हे दप्तर मुके आहे. झरा, पायवाट, कोणाची झोपडी, यांतले काही दिसत नाही. सत्ताधाऱ्यांच्या बहुतेक दप्तरांना हा दोष असतो, असे मी भीत भीत म्हणेन.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीचा सपाटा सुरू झाला आणि राष्ट्रीय वनांतील तोड कित्येक पटींनी वाढली. वायव्येकडील राज्यांत पद्धत पडली ती सरसकट तोडीची, म्हणजे एका तुकड्यातले लहानमोठे प्रत्येक झाड पाडायचे, मग थोडे अंतर सोडून दुसरा तुकडा. रस्त्याने जाणाऱ्याला याचा पत्ता लागत नसे, कारण हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांची एक शोभेची पट्टी राखून ठेवलेली असे. आकाशाला मात्र अशी पट्टी आडवी येत नाही. १९३० च्या दशकातील सलग चित्र आणि १९७० च्या दशकातील त्याच जागेचे चित्र शेजारी ठेवले की, पहिले घोंगडे आणि दुसरी ठिगळांची वाकळ. त्यांतून वळणे घेत गेलेले पांढरे दोरे म्हणजे लाकूड वाहण्याचे रस्ते. राष्ट्रीय वनांत ते आज सुमारे सहा लाख किलोमीटर भरतात. सरसकट तोडीविरुद्ध वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगाहेला वनासंबंधी खटला झाला, १९७५ साली वरिष्ठ न्यायालयातही वनसेवा हरली आणि १९७६ मध्ये वनव्यवस्थापनाचा नवा कायदा करावा लागला. खटला कायद्याच्या शब्दार्थावर जिंकला गेला, ही गोष्ट भाषेच्या माणसाला सुखावणारी. पण रानाचे काय झाले आहे हे लोकांच्या डोळ्यांसमोर आणण्यात आकाशातून घेतलेल्या चित्रांचा वाटा मोठा होता.

याहूनही खोल साक्ष आगीसंबंधी निघाली. वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो या राज्यांच्या कोरड्या भागात पाँडेरोसा पाइन नावाचा वृक्ष आहे. त्याची साल जाड असते. दर काही वर्षांनी गवतातून सरपटत जाणारी हलकी आग येई, रोपटी आणि पाचोळा जाळी, मोठे झाड धक्का न लागता उभे राही. या आगींपैकी कित्येक विजेच्या आणि कित्येक मूलनिवासींनी समजून-उमजून लावलेल्या. पॉल हेसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील शेकडो लहान पाणलोटांची जुनी आणि नवी हवाई चित्रे ताडून पाहिली. जुन्या चित्रांत मोकळे रान, दाट रान, जळलेला तुकडा, कुरण अशी सरमिसळ जास्त. नव्यांत दाट रानाची सलगता वाढलेली. आग विझवण्यात वनसेवेने जे यश मिळवले, त्यानेच पुढच्या मोठ्या वणव्यांचे सरपण रचून ठेवले होते. अलीकडच्या वणव्यांमागे तापते हवामानही आहे हे खरे. परंतु सरपण कुठून आले हे या चित्रांत दिसते.

मला या प्रकरणातले मर्म वाटते ते हे. ही छायाचित्रे ज्या खात्याने काढली, त्याने ती लाकूड मोजायला आणि आग मारायला काढली होती. त्याच खात्याच्या धोरणाविरुद्ध ती साक्षीला उभी राहिली. आपल्या पेशवे दप्तराचे असेच झाले. ते रुमाल जमाखर्चासाठी, इनामांसाठी, बातमीसाठी लिहिले गेले. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून ४५ खंड काढले, तेव्हा त्यांत लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेला इतिहास सापडला. मात्र एक सावधगिरी हवी. १९३० च्या दशकातील चित्रालाच काही उत्साही मंडळी ‘मूळचे रान’ समजतात. तोपर्यंत मूलनिवासींना हुसकून कित्येक दशके लोटली होती, मेंढ्यांनी गवत खाल्ले होते, सोईची मोठी झाडे तुटली होती आणि आग विझवणे पाव शतक चालू होते. उपलब्ध जुन्यात जुनी प्रत म्हणजे मूळ संहिता नव्हे, हे पोथ्यांच्या अभ्यासकाला पहिल्या वर्षी शिकवतात.

पिंशोंचेच नाव दिलेल्या वनातील सेंट हेलेन्स पर्वत १८ मे १९८० रोजी फुटला. ५७ माणसे गेली, पर्वताची उंची २९५० मीटरवरून सुमारे २५५० मीटरवर आली, आणि जवळपास ६०० चौरस किलोमीटर रान उद्ध्वस्त झाले. नंतरच्या हवाई चित्रांत आडवी झालेली झाडे विंचरलेल्या केसांसारखी एका दिशेला पडलेली दिसतात. त्यांवरून स्फोटाचा झोत कुठून कुठे वळला याचा नकाशा करता आला. पूर्वीची चित्रे नसती तर काय गमावले याची मोजदादही झाली नसती.

ही चित्रे टिकली कशी, तेही सांगण्याजोगे आहे. सुरुवातीच्या काळातील पुष्कळ फिल्म नायट्रेट जातीची होती. ती कुजते, चिकटते आणि स्वतःहून पेट घेऊ शकते. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मेरीलँडमधील कोठारात अशाच फिल्मला आग लागून वृत्तपटांचा मोठा साठा नष्ट झाला. रानातील आग मोजणाऱ्या चित्रांना आगीचेच भय असावे! जुन्या हवाई फिल्म सुरक्षित फिल्मवर उतरवून घेण्यात आल्या. १९५५ नंतरच्या सुमारे एक कोटी प्रतिमा शेतकी खात्याने दीर्घकाळ सॉल्ट लेक सिटी येथे सांभाळल्या. आणि तेथील सरकारने निर्माण केलेल्या कृतीवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो, त्यामुळे विद्यार्थी, शेतकरी किंवा फिर्यादी, कोणीही त्यांची प्रत मागू शकतो. मी परदेशी पाहुणा. मला कोणी कारणही विचारले नाही.

आता आपल्या दारापर्यंत येतो. आकाशातून जंगल टिपण्यात आपण मागे नव्हतो. ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात असताना १९२४ साली इरावतीच्या मुखाजवळील जंगलांचे विमानातून छायाचित्रण झाले होते. स्वातंत्र्यानंतर १९६५ पासून वनसंपत्तीच्या पूर्वपाहणीत हवाई चित्रांचा उपयोग झाला. त्या पाहणीतूनच १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था आकाराला आली. परंतु आपल्याकडे हवाई चित्र ही दीर्घकाळ संरक्षण मंत्रालयाच्या अनुमतीची बाब राहिली. सीमांची काळजी समजण्यासारखी आहे. पण खानापूरच्या रानाचे १९६० च्या दशकातील चित्र महाविद्यालयातल्या मुलाला दिसू नये, यात कोणत्या शत्रूपासून काय राखले गेले, हे मला कधी कळले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांचे नियम सैल केले, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्याने नव्या कामाची वाट मोकळी झाली. जुन्या फिल्मची सूची करून ती अभ्यासकांसमोर ठेवण्याचे काम निराळे आहे, आणि त्याची मागणी आपल्यासारख्या शाळा-महाविद्यालयांकडूनच व्हावी लागेल.

तोवर एक पर्याय आहे, तो सांगून थांबतो. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात ‘कोरोना’ नावाच्या हेर उपग्रहांतून आशियाची असंख्य छायाचित्रे घेतली होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये ती गुप्ततेतून मुक्त झाली. आठ लाखांहून अधिक प्रतिमा, आणि त्यांत भारताच्याही पुष्कळ भागांच्या आहेत. आपल्या देशातील जुने रान कसे होते हे पाहायला निघालेले संशोधक आज त्या वापरतात. क्षेपणास्त्रे शोधायला सोडलेल्या त्या कॅमेऱ्यांत वाटेत जे येईल ते उतरले: गावे, तळी, शेतांचे बांध आणि झाडी.