नखांची वंशावळ

देवळालीचे नाव इंग्रजी भाषेत गेले ते एका आजाराच्या रूपाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गोऱ्या फौजेचा तळ होता, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. फौजेची जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत अवेळी संपे त्याला उन्हाळा आणि पावसाळा येथेच काढावा लागे. काम नाही, घर दूर, अंगात हिवताप, अशा स्थितीत ज्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही त्यांच्यासाठी सोल्जरांच्या बोलीत एक शब्द तयार झाला, ‘डूलाली टॅप’. यातला ‘डूलाली’ म्हणजे देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे ताप गळाला आणि नुसते ‘डूलाली’ हेच वेडसरपणाचे विशेषण म्हणून इंग्रजी कोशांत स्थिरावले. देवळाली कॅम्पात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना या शब्दाचा पत्ताही नसतो. आपले नाव दुसऱ्यांनी कशासाठी वापरले, हे ज्याचे नाव त्याला बहुधा शेवटी कळते.

शरीरांचेही असेच होते. या लेखाचा विषय असलेला विकार दुर्मिळ आहे. साधारण पन्नास हजारांत एकास तो असतो असा अंदाज दिला जातो. वैद्यकात त्याला ‘नेल-पटेला सिंड्रोम’ म्हणतात, म्हणजे नख आणि गुडघ्याची वाटी यांचा विकार. जन्मतःच नखे अपुरी, चिरलेली किंवा अजिबात नसलेली. अंगठ्याचे सर्वांत वाईट, करंगळीकडे जावे तसे बरे. नखाच्या मुळाशी जी पांढरी चंद्रकोर असते ती या मंडळींत त्रिकोणी दिसते. गुडघ्याची वाटी लहान असते, कधी नसतेच, आणि असली तर जागेवरून सरकते. कोपर पुरते सरळ होत नाही. कमरेच्या हाडावर मागल्या बाजूस दोन लहान शिंगांसारखे उंचवटे असतात. ते दुसऱ्या कोणत्याही विकारात सहसा आढळत नाहीत, म्हणून क्ष-किरणचित्रात ते दिसले की निदान जवळजवळ पक्के होते.

हे झाले वैद्यकीय वर्णन. त्याचे मराठी संसारात भाषांतर केले तर ते असे होईल: पंगतीत मांडी घालता येत नाही. घाटाच्या पायऱ्या उतरताना गुडघा दगा देईल ही धास्ती. उंच फळीवरचा डबा काढताना हात अर्ध्यावर अडतो. सेफ्टीपिन उघडणे, लसूण सोलणे, जमिनीवर पडलेले नाणे उचलणे, ही नखांची कामे; ती बोटांच्या पेरांनी करायला शिकावे लागते. मुलगी असेल तर चहापोह्यांच्या कार्यक्रमात हात पदराखाली. या साऱ्यांत वेदनेपेक्षा लपवण्याचे श्रम अधिक असतात.

हे लपवणे कोठून आले, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर नाशिकच्या गोदाकाठाशी निगडित आहे. धर्मशास्त्रात ‘कुनखी’ असा शब्द आहे. ज्याची नखे विकृत तो कुनखी. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणत्या ब्राह्मणांना बोलावू नये याची जी लांबलचक यादी आहे तीत काळ्या दातांच्या माणसाशेजारी कुनखी बसलेला आहे. अकराव्या अध्यायात त्याचे कारणही सांगितले आहे: मागल्या जन्मी सोने चोरणाऱ्याची नखे या जन्मी विकृत होतात. याज्ञवल्क्यस्मृतीत ही दोन्ही विधाने थोड्या फरकाने पुन्हा येतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या 1953 साली निघालेल्या चौथ्या खंडात पातक, प्रायश्चित्त, कर्मविपाक, श्राद्ध आणि तीर्थयात्रा हे विषय एकत्र आले आहेत. विषयांची ही मांडणी योगायोगाची नाही. पाप, शरीरावरची त्याची खूण, आणि ती खूण असणाऱ्याला पितृकार्यातून दूर ठेवणे ही एकाच विचाराची तीन टोके आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. स्मृतिकारांचा कुनखी म्हणजे आजचा नेल-पटेलाचा रुग्ण असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. नखे बुरशीने बिघडतात, ठेच लागून बिघडतात, इतर त्वचाविकारांतही बिघडतात. कुनखी या एका शब्दात हे सर्व जण कोंबले गेले असणार. मुद्दा निदानाचा नाही, वाचनाचा आहे. शरीर ही वाचायची वस्तू आहे आणि तिच्यावर गतजन्मीचा गुन्हा लिहिलेला असतो, ही वाचनपद्धती त्या शब्दाने रूढ केली.

त्याच संस्कृत परंपरेत दुसरी वाचनपद्धतीही होती, आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. सुश्रुताने क्षुद्ररोगांत ‘कुनख’ वर्णिला आहे. त्याचे कारण तो आघात असे देतो. सोन्याच्या चोरीचा तेथे उल्लेख नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूत्रस्थानात रोगांचे वर्गीकरण करताना तो ‘आदिबलप्रवृत्त’ असा एक वर्ग करतो: बीजातच दोष असल्याने उद्भवणारे रोग. त्याचे दोन पोटभेद आहेत, मातृज आणि पितृज. म्हणजे रोग आईकडूनही येतो आणि बापाकडूनही, ही गोष्ट वैद्याने नोंदवून ठेवली होती. धर्मशास्त्रालाही रोग कुळात चालतो हे ठाऊक होते. क्षय, अपस्मार, कोड, कुष्ठ असलेल्या कुळांशी सोयरीक टाळावी असे मनुस्मृती सांगते. वैद्याने त्या ज्ञानाचा उपयोग रोग ओळखण्यासाठी केला. स्मृतिकाराने माणूस गाळण्यासाठी.

आता नाशिकच्या वह्यांकडे वळू. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी वही काढतात आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाबरोबर येऊन गेले ते वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत असतात. मराठी कुटुंबांच्या इतिहासाचे हे एक अपूर्व साधन आहे, यात शंका नाही. परंतु ही वंशावळ पुरुषांची आहे. तीत मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा अशी सरळ रेघ जाते. स्त्रिया येतात त्या बहुधा कोणाची तरी पत्नी किंवा माता म्हणून. मुलगी सासरी गेली की तिची रेघ या वहीतून सुटते आणि तिची मुले दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या आडनावाच्या वहीत जातात.

नेल-पटेला हा विकार मात्र अशी एकतर्फी वही मानत नाही. तो प्रबळ गुणाचा आहे: आईबापांपैकी एकाकडे असला तरी पुरे, आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा आणि मुलगी यांत तो भेद करत नाही. त्यामुळे एखाद्या घराण्यातल्या या विकाराचा नकाशा काढायचा तर त्याचा साधारण निम्मा भाग मुलींच्या शाखांत शोधावा लागतो, म्हणजे नेमका जेथे आपल्या वहीचे पान कोरे आहे तेथे. आणि जेथे पान कोरे असते तेथे दोष ठेवणे सोपे जाते. मुलाची नखे पाहून ‘आमच्या घराण्यात असे कधी नव्हते’ हे वाक्य सुनेला ऐकवले जाते. कधी ते खरेही असते, पण वेगळ्या अर्थाने. सुमारे दहांतील एका रुग्णात हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईकडेही नाही आणि बापाकडेही नाही.

आप्तसंबंधांचा विषय निघाला की इरावती कर्वे यांचे स्मरण अपरिहार्य आहे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या मोजमापावर प्रबंध लिहिला, आणि गुरूला प्रिय असलेल्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला त्या मोजमापांतून आधार मिळत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे 1953 साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी भारतातील नातेव्यवस्था मांडली. दख्खनेत अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, तिचा विचार त्यात येतो. या चालीचा आनुवंशिक रोगांशी संबंध सरसकट जोडला जातो. तो अप्रबळ गुणांच्या बाबतीत खरा आहे, कारण तेथे दोन्हीकडून सारखाच दोष यावा लागतो. नेल-पटेलासाठी एकच बाजू पुरते. तेव्हा नात्यात लग्न केले म्हणून हा विकार झाला, ही समजूत निराधार आहे.

या विकाराच्या संशोधनाचा इतिहास गमतीने रक्तगटांच्या इतिहासात मिसळतो, आणि तेथे मुंबईही येते. 1952 साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मुंबईत त्यांना असे रक्त आढळले होते की जे ओ गटासारखे दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. तीन वर्षांनी, 1955 साली, लंडनच्या गाल्टन प्रयोगशाळेतील रेनविक आणि लॉलर यांनी नेल-पटेला असलेली कुटुंबे तपासली. त्यांना असे दिसले की एखाद्या कुटुंबात हा विकार आणि विशिष्ट रक्तगट हे बहुधा जोडीने पुढच्या पिढीत जातात. ताटातूट होते ती साधारण दहांत एकदा. याचा अर्थ ए, बी, ओ ठरवणारे जनुक आणि या विकाराचे जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेले आहेत. अमुक गटाच्या लोकांना हा विकार होतो असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. एका कुटुंबात सोबती ए गट असेल, तर दुसऱ्यात बी. मानवी जनुकांचा नकाशा आखण्याच्या कामातला हा अगदी प्रारंभीचा टप्पा होता, आणि तो आखला गेला तो ज्यांची नखे स्मृतिकारांनी पापाची खूण मानली असती अशा माणसांच्या बोटांवरून. ज्या गाल्टनच्या नावाने ती प्रयोगशाळा होती त्याने ‘युजेनिक्स’ हा शब्द 1883 साली घडवला होता. ‘सदोष’ कुळे गाळण्याचे स्वप्न केवळ आपल्याच स्मृतिकारांनी पाहिले असे नाही.

अखेर 1998 साली जनुक हाती लागले. त्याचे नाव एलएमएक्स-वन-बी, स्थान नवव्या गुणसूत्रावर. गर्भात हातापायांचे कोंब फुटतात तेव्हा त्यांची तळवी बाजू कोणती आणि पालथी कोणती हे ठरावे लागते. पालथ्या बाजूला तिची ओळख हे जनुक देते. नख हे पालथ्या बाजूचे. गुडघ्याची वाटीही त्याच बाजूची. ही ओळख अर्धवट राहिली की दोन्ही अर्धवट राहतात. उंदरांत हे जनुक पूर्ण निकामी केले तेव्हा पंजाच्या दोन्ही बाजूंना तळवाच तयार झाला. नख आणि गुडघा यांचे नाते शेकडो वर्षे कोणालाही सांगता आले नव्हते. ते इतके साधे निघाले. त्याच 1998 साली नाशकात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली.

पण याच जनुकाची मूत्रपिंडात आणि डोळ्यांतही कामे असतात, आणि खरे जोखमीचे प्रकरण तेथे आहे. साधारण तीस ते पन्नास टक्के रुग्णांत मूत्रपिंडाला इजा पोहोचते. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, रक्तदाब वाढतो, आणि थोड्यांच्या बाबतीत मूत्रपिंडे निकामी होतात. काचबिंदूही इतरांपेक्षा लवकर होऊ शकतो. या दोन्ही गोष्टी आरंभी दुखत नाहीत. वर्षाकाठी लघवीची एक तपासणी, रक्तदाब, आणि ठरावीक काळाने डोळ्यांतील दाब मोजणे एवढ्याने त्या वेळीच पकडता येतात. जनुक दुरुस्त करण्याचा उपाय आज नाही. परंतु मूत्रपिंड आणि दृष्टी वाचवण्याचे उपाय आहेत. म्हणूनच लपवण्याची किंमत मोठी आहे. जी मुलगी लग्नाआधी नखे लपवते तिला बाळंतपणात रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांना सांगण्याजोगा इतिहासच उरत नाही. नखांकडे पाप म्हणून पाहणाऱ्या नजरेने ती खूण झाकायला लावली; वैद्याला मात्र तीच खूण सर्वांत आधी दिसायला हवी असते.

कायद्याची भाषा बदलली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, तथापि आरक्षणासारख्या लाभांसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा कायम आहे, आणि कधी सरकणारा, कधी न सरकणारा गुडघा टक्क्यांत बसवणे कठीण. 2021 साली दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील केंद्रांपैकी एक आहे. ही सोय उपयोगी पडायची तर रुग्णाने तेथवर पोहोचले पाहिजे, आणि पोहोचायचे तर घरात या गोष्टीचा उच्चार झाला पाहिजे.

डॉक्टर अशा रुग्णाची कुळकथा काढतात तेव्हा पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढतात, आणि दोन्हींपासून खाली सारख्याच रेघा निघतात. नाशिकच्या वहीत जी आत्या लग्नानंतर दिसेनाशी झाली ती या कागदावर आपल्या मुलानातवंडांसह परत येते. या विकाराने जगणाऱ्या घरांनी आपली अशी एक वही स्वतःच लिहावी. तीत कोणाच्या नखांना काय झाले होते, कोणाचा गुडघा सरकत असे, कोणाला मूत्रपिंडाचा त्रास झाला, कोणाची नजर गेली हे नावानिशी नोंदवावे, आणि मुलींच्या शाखा अगत्याने भराव्यात. पितरांचे ऋण फेडण्याच्या ज्या रीती आपल्याकडे आहेत त्यांत ही एक अधिक धरायला हरकत नाही; तिचा लाभ पितरांना होवो न होवो, नातीला निश्चित होईल.