वेष्टनावरचा चेहरा, श्रेयनामावलीतले नाव : बेटी डेव्हिसचा पहिला अल्बम

१/११
माइल्स डेव्हिसच्या 'फिय द किलिमांजारो' या १९६८ साली ध्वनिमुद्रित झालेल्या जॅझ अल्बमच्या वेष्टनावर एका तरुणीचा चेहरा आहे. त्यातील शेवटची रचनाही तिच्याच आडनावाची आहे. पुढे कित्येक वर्षे संगीताच्या इतिहासात तिची ओळख एवढीच राहिली : माइल्सची पत्नी. १९७३ मध्ये आलेला तिचा स्वतःचा पहिला अल्बम मात्र निराळी साक्ष देतो.

२/११
बेटी मॅब्रीचा जन्म १९४४ चा, उत्तर कॅरोलायनातील डरहॅमचा. आजीच्या घरी ब्लूज गायकांच्या तबकड्या वाजत. पुढे कुटुंब पिट्सबर्गलगतच्या होमस्टेड या गावी आले. वडील पोलाद कारखान्यात कामगार होते. किशोरवयातच ती न्यूयॉर्कला गेली, फॅशनचे शिक्षण घेतले, मॉडेल झाली. गीतलेखनाचा नाद मात्र बालपणापासूनचा. १९६७ मध्ये चेंबर्स ब्रदर्सनी तिचे हार्लेमवरील 'अपटाउन' हे गाणे गायिले. माइल्सशी तिचा विवाह त्यानंतरचा आहे.

३/११
तो विवाह सप्टेंबर १९६८ मध्ये झाला आणि जेमतेम वर्षभर टिकला. जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन यांच्या संगीताकडे बेटीनेच माइल्सचे लक्ष वेधले. त्याच्या जॅझने विद्युत वाद्यांकडे घेतलेल्या वळणात तिचा वाटा होता. तिच्या पदरात काय पडले? १९६९ मध्ये माइल्सच्या देखरेखीखाली कोलंबिया कंपनीसाठी तिची काही गाणी मुद्रित झाली. हर्बी हॅनकॉक, जॉन मॅक्लॉफ्लिन साथीला होते. ती बासनात गुंडाळली गेली. प्रकाशात यायला २०१६ उजाडले.

४/११
दुसरी संधी मोटाउन कंपनीकडून आली. नवख्या कमोडोर्स या वाद्यवृंदासाठी बेटीने गाणी रचली होती. मोटाउनने तिलाही करार देऊ केला, परंतु गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क मागितले. तिने नकार दिला. हक्क सोडून नाव मिळवण्यापेक्षा गाणी घेऊन परत फिरणे तिने पत्करले. पहिला अल्बम समजून घेताना हा नकार ध्यानात ठेवावा लागतो.

५/११
अल्बम अखेर सॅन फ्रान्सिस्कोत घडला. निर्मिती ग्रेग एरिको याची. तो स्लाय स्टोनच्या वाद्यवृंदातील ड्रमवादक. त्याच वृंदातील लॅरी ग्रॅहम बास गिटारवर, सँटानाच्या संचातील नील शॉन गिटारवर, तर पार्श्वस्वरांत पॉइंटर सिस्टर्स आणि सिल्व्हेस्टर. प्रकाशक 'जस्ट सनशाइन', म्हणजे वुडस्टॉक महोत्सवाच्या आयोजकांपैकी मायकेल लँगची कंपनी. गाणी आठ. आठही एकट्या बेटीने लिहिलेली.

६/११
फंक संगीताचा प्राण पहिल्या मात्रेत असतो. आपल्याकडे सगळे वादन समेवर येऊन विसावते. फंकमध्ये मात्र त्या पहिल्या मात्रेवर जोरकस आघात होतो आणि उरलेल्या मात्रांत वाद्ये एकमेकांना अडवत, डिवचत राहतात. लॅरी ग्रॅहम बासच्या तारेवर अंगठ्याने ठोके देत असे, त्यामुळे तंतुवाद्यच तालवाद्य होई. बेटीला स्वरलेखन येत नव्हते. कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते ती गाऊन दाखवी.

७/११
तिचा आवाज सोल गायिकांच्या चर्चमध्ये घडलेल्या गोलाईचा नाही. ती गुरगुरते, किंचाळते, मध्येच कुजबुजते. गाण्यांतील स्त्री प्रियकराची वाट पाहत झुरत नाही. इच्छा तिची असते आणि निवडही तीच करते. 'स्टेपिन इन हर आय. मिलर शूज' हे गाणे मात्र शोकाचे आहे : हेंड्रिक्सच्या वर्तुळात वावरलेल्या आणि १९७१ मध्ये अकाली गेलेल्या डेव्हन विल्सन या मैत्रिणीवरचे.

८/११
विरोध अनपेक्षित दिशेने आला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी दीर्घकाळ लढलेल्या एनएएसीपी या संघटनेने 'इफ आयम इन लक आय माइट गेट पिक्ड अप' या गाण्यावर आक्षेप घेतला. गाणे कृष्णवर्णीय स्त्रीची प्रतिमा मलिन करते, असे त्यामागचे म्हणणे होते. काही नभोवाणी केंद्रांनी ते वाजवणे थांबवले. कृष्णवर्णीय संगीताच्या बिलबोर्ड यादीत गाणे ६६ व्या क्रमांकाच्या वर गेले नाही.

९/११
या आक्षेपाला निव्वळ सोवळेपणा म्हणून उडवून लावता येत नाही. गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय स्त्रीला कामुक ठरवून तिच्यावरील अत्याचारांचे समर्थन केले गेले होते. सभ्य, संयत प्रतिमा हे त्या अपप्रचाराविरुद्धचे शस्त्र होते. बेटीचे उत्तर वेगळे होते : आपल्या देहाविषयी आणि इच्छेविषयी बोलण्याचा अधिकार दुसऱ्याच्या भीतीपोटी का सोडायचा? दोन्ही बाजू एकाच जखमेतून बोलत होत्या. किंमत मात्र एकीनेच मोजली.

१०/११
१९७४ आणि १९७५ मध्ये आणखी दोन अल्बम आले. त्यांची निर्मिती तिने स्वतः केली. १९७६ मध्ये मुद्रित झालेला पुढचा अल्बम २००९ पर्यंत अप्रकाशित राहिला. १९८० मध्ये वडील गेले. बेटी पिट्सबर्ग परिसरात परतली आणि काही दशके जवळजवळ अज्ञातवासात राहिली. २००७ मध्ये पहिले दोन अल्बम पुन्हा प्रकाशित झाले, तेव्हा नव्या पिढीला ती सापडली. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी होमस्टेडमध्ये तिचे निधन झाले.

११/११
माइल्सने १९८९ च्या आत्मचरित्रात तिची तुलना मॅडोना आणि प्रिन्स यांच्याशी केली व ती काळाच्या पुढे होती हे मान्य केले. पण त्या प्रशस्तिपत्राची गरज पडावी, हेच खरे दुखणे आहे. पुरावा १९७३ पासून उपलब्ध होता. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर चंदेरी उंच बूट घातलेली, हसणारी बेटी आहे. आणि श्रेयनामावलीत आठ गाण्यांपुढे गीतकार म्हणून एकच नाव आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी चेहरा पाहिला. नाव वाचायला त्यांना तीसेक वर्षे लागली.